स्टँडवर जाऊन येते

सोलापूरच्या आमच्या कापडदुकानात लघवीला जायचं असलं की आम्ही कामाच्या बायका "स्टँडवर जाऊन येते" असं म्हणायचो. जागा खरंच तिथंच होती, एसटी स्टँडवर. आणि तो शब्द पुरुषांसमोर काढायची आमची छाती नव्हती. लक्ष्मीअक्का मात्र भर गिऱ्हाइकात ठणकावून सांगायची, "शेठ, लघवीला चालले." शेठ मोबाइलमध्ये मान घालायचे. आम्हाला ती चिडवायची, "स्टँडवर? गाव सोडून चाललीस व्हय गं?"

अक्का विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी, पन्नाशीची. ऐन उन्हाळ्यातही आम्ही दिवसभर पाणी पीत नसू, त्याचा तिला लई राग. "बाजार काय फक्त गड्यांचा हाय का?" म्हणायची. बाजारामागं बायकांचं शौचालय होतं, पण शेजारच्या दुकानदारानं त्यात खोकी भरून कुलूप घातलं होतं.

त्या मे महिन्यात मला पाचवा महिना चालू होता. दुपारी लघवी तुंबून ओटीपोटात कळ आली. स्टँडपर्यंत चालवणार नव्हतं. अक्कानं शेजाऱ्याकडं किल्ली मागितली. तो हसला. "आत माल हाय अक्का. स्टँड काय लांब हाय का?"

अक्का त्याच्याशी वाद घालत बसली नाही. कापड मोजायचा लोखंडी मीटर उचलून मागं गेली आणि चार घावांत कुलूप फोडलं. खोकी बाहेर ओढली, मला आत ढकललं आणि स्वतः दाराला पाठ लावून उभी राहिली. बाहेर माणसं जमून आरडाओरडा चालला होता.

परत आलो तर शेजारी शेठसमोर तणतणत होता. अक्का बोलायला गेली तर शेठ म्हणाले, "तू गप. हिला सांगू दे. काय एवढं अडलं होतं गं तुझं?" दहा-बारा पुरुष माझ्या तोंडाकडं बघत होते. अक्काही बघत होती. मी खरं सांगितलं तरच तिची नोकरी राहणार होती.

"चक्कर आली होती," मी म्हणाले.

"चक्कर आली म्हणून कुलूप फोडायचं?" शेजारी ओरडला. शेठनी अक्काला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

तिनं पिशवी घेतली, चपला घातल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिनं एक थोबाडीत दिली तर बरं, असं वाटलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवून एवढंच विचारलं, "आता बरं वाटतंय न्हवं?"

मी नुसती मान हलवली. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.