हिनेते

सोमवारी सकाळी नीव्ह वर्गात शिरायची तेव्हा तिच्या दमट लोकरी स्वेटरला गवताचा, चामड्याचा आणि घोड्याच्या घामाचा एक उबदार, दाट गंध असायचा… आणि तो आला की मी तोंड खिडकीकडे फिरवत असे.

मी तेव्हा दहा वर्षांची. पुण्याहून आयर्लंडमधल्या गॉलवेला येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती आणि नीव्ह ही माझी पहिली, एकुलती एक मैत्रीण. मग स्पेनहून लुसिया आली — शांत, लांब वेणीची, गावाबाहेरच्या कुरणात स्वतःचं तट्टू असलेली. नीव्हचे शनिवार, जे आजवर माझे होते, ते तिचे झाले.

एकदा बाईंनी प्रत्येकीला आपल्या भाषेतला एक शब्द सांगायला लावला. लुसिया म्हणाली, "हिनेते. म्हणजे घोडेस्वार." फळ्यावर तिनं लिहिलेलं स्पेलिंग मात्र 'जिन'नं सुरू होत होतं; स्पॅनिशमध्ये 'जे' या अक्षराचा उच्चार 'ह' होतो. मी ताडकन उठले.

"हा शब्द आमचा आहे! मराठीत खोगिराला जीन म्हणतात. यांनी चोरलाय तो."

त्या शब्दाशी मला काय देणंघेणं होतं? तिच्याजवळची एक तरी गोष्ट मला हिसकावून घ्यायची होती.

लुसिया चिडली नाही. "ते एका टोळीचं नाव आहे," ती म्हणाली, "उत्तर आफ्रिकेतल्या. पाय ठेवायच्या रिकिबी आखूड बांधून, गुडघे दुमडून ते लोक वाऱ्यासारखे दौडायचे. आमची माणसं त्यांच्याशी लढली, आणि मग त्यांच्यासारखंच बसायला शिकली. आजोबा सांगतात, शत्रूचं नाव आम्ही चांगल्या स्वाराला दिलं."

मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. "शनिवारी येतेस? रिकिबी तुझ्या मापाच्या करू." मागे नीव्ह उभी होती, आशेनं बघत.

"मला घोडे आवडत नाहीत," मी म्हणाले.

शनिवारी नीव्हच्या आईची गाडी आमच्या दारापाशी क्षणभर मंदावली… मी पडद्याआड उभी राहिले. गाडी निघून गेली. पुढच्या उन्हाळ्यात लुसिया मायदेशी परतली, पण नीव्ह काही माझ्याकडे परत आली नाही.

गेल्या वसंतात, तिशी ओलांडल्यावर, मी एकटीच एका रायडिंग स्कूलमध्ये गेले. म्हाताऱ्या, समजूतदार घोडीवर बसून कुंपणाला एक फेरी मारली. उतरल्यावर हसू आवरत नव्हतं. हे नीव्हला सांगावं म्हणून फोन काढला — तर तिचा नंबर माझ्याकडे नव्हताच.