मामांच्या घरचा मोडेम

लातूरच्या आडत बाजारात माझ्या मामांचा आवाज प्रसिद्ध होता. सौदा पुकारायला ते उभे राहिले की तीन दुकानं पलीकडचा हमाल खांद्यावरचं पोतं तसंच ठेवून ऐकायचा. मग घशाचा कर्करोग निघाला, सोलापूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं, आणि मामांच्या हातात शाळकरी पाटी आली. भेटायला येणारे लोक त्यांच्याशी मोठ्यानं बोलायचे, जणू कानच गेलेत. मामा पाटीवर लिहायचे, ‘हळू बोल, गाढवा.’

त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन मस्कतला गेली होती. ती फोन करायची तेव्हा घरात एक ठरलेली पद्धत होती. पुढच्या खोलीतल्या फोनवर मामा, स्वयंपाकघरातल्या पॅरलल फोनवर मामी. मामी बोलायच्या, मामा ऐकायचे. ‘हो’साठी रिसीव्हरवर नखानं एक टकटक, ‘नाही’साठी दोन. बाकीचं मामा पाटीवर लिहून ठेवायचे आणि पुढच्या वेळी फोन आला की मामी ते सांगायच्या. मात्र त्या सांगण्यात बरीच काटछाट असायची. ‘जावयाला अक्कल नाही’ हे मस्कतला पोचेपर्यंत ‘जावईबापूंना जपा म्हणावं’ असं व्हायचं. मुलगी विचारायची, “अप्पा खरंच बरे हायेत ना?” मामी म्हणायच्या, “ठणठणीत.” पुढच्या खोलीतून दोनदा टकटक ऐकू यायची. मामी म्हणायच्या, “लाईनमध्ये खरखर हाय बघ.”

ऑपरेशनपासून मामा लेकीशी स्वतः एक शब्दही बोलले नव्हते. त्यात ती गरोदर राहिली. मग मामांनी बंद पडलेल्या एका क्लासचा जुना कॉम्प्युटर घेतला आणि मला नांदेडला निरोप धाडला. येत्या रविवारी सकाळी मामांच्या पूजेनंतर ती मस्कतला कॉम्प्युटरसमोर बसणार होती. तोवर इंटरनेट चालू हवं होतं.

मला बोलावण्याचं कारण म्हणजे मी कॉलेजात शिकवतो आणि नुकताच मुक्त सॉफ्टवेअरच्या एका चर्चासत्राला जाऊन आलो होतो. तिथं दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं, स्वातंत्र्यावर लांबलचक भाषण झालं, आणि शेवटी प्रत्येकाला विंडोजऐवजी फुकट वापरता येणाऱ्या लिनक्सची एकेक सीडी मिळाली. ते स्वातंत्र्य मशीनवर बसवायचं कसं, हे सांगायच्या आत जेवणाची वेळ झाली. मामांच्या कॉम्प्युटरवरची आधीची विंडोज व्हायरसनं पोखरली होती आणि तिची प्रतही चोरीची होती. मी सीडी बॅगेत टाकली आणि शनिवारी सकाळी लोहा-अहमदपूरवरून लातूरला जाणाऱ्या एसटीत बसलो.

पोचलो तेव्हा आतल्या खोलीत मांडलेल्या मॉनिटरच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले होते. मामींचं काम. “नवी वस्तू हाय, पूजा न करता कसं चालंल?” म्हणाल्या. नवी नव्हती.

लिनक्स दुपारपर्यंत बसलं. अडला तो मोडेम. मशीनच्या आत बसवलेलं ते कार्ड खरं तर अर्धाच मोडेम होतं. उरलेलं काम सॉफ्टवेअरनं करायचं आणि ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानं फक्त विंडोजसाठी लिहिलेलं. लिनक्ससाठी कुणा परोपकारी माणसानं लिहिलेला ड्रायव्हर इंटरनेटवर फुकट मिळत होता. म्हणजे इंटरनेट चालू करायला आधी इंटरनेट हवं. ही भानगड ऐकून होतो म्हणून नांदेडच्या कॅफेतून ड्रायव्हरच्या दोन प्रती दोन फ्लॉपींवर उतरवून आणल्या होत्या. एक फ्लॉपी एसटीच्या हादऱ्यांनी गेली. दुसरी वाचली.

ड्रायव्हर चढला. डायल केलं तर पडद्यावर आलं, डायल टोन नाही. रिसीव्हर उचलून पाहिला, टोन चांगला घुमत होता. परदेशी मोडेमला आपल्या एक्स्चेंजचा टोन ओळखू येत नव्हता इतकंच. टोनची वाट बघू नकोस, सरळ नंबर फिरव, आणि फिरव तोही जुन्या टक-टक पद्धतीनं, अशी आज्ञा त्याला लिहून दिली. तो फिरवू लागला. पण लाईन काही लागेना. दर वेळी नंबर अर्ध्यावर गेला की सगळं तुटायचं.

संध्याकाळ झाली. मी ड्रायव्हर काढला, पुन्हा चढवला. मामी चहा ठेवून जाताना म्हणाल्या, “काय करायलास बाबा सकाळपासून? शेजारच्या पोरानं तर लगेच लावलं म्हणं.”

“त्यांची विंडोज आहे, मामी.”

“मग आपल्याला का न्हाई?”

स्वातंत्र्याबद्दल मला काही आठवेना.

रविवारी सकाळी मामांची पूजा चालू असताना मी मोडेमला पुन्हा डायल करायला लावलं. यावेळी लाईन लागली, पण फारच संथ चालली होती म्हणून मीच तोडली. थोड्या वेळानं पुन्हा डायल केलं तर पुन्हा अर्ध्यावर तुटलं. वैतागून पाणी प्यायला उठलो, पडदा सारला, आणि पाहिलं. पूजा आटोपून मामा पुढच्या खोलीत दिवाणावर बसले होते. डोळे मिटलेले, रिसीव्हर कानाला, नख टकटकीच्या तयारीत.

“मामा, काय ऐकायलाव?”

त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘घंटी वाजली.’

मोडेम टक-टक नंबर फिरवू लागला की त्याच लाईनवरचा हा फोन किणकिणायचा. आणि घंटी वाजली की मामांनी रिसीव्हर उचलून ऐकत बसायचं, ही घरची पद्धत. कालपासून प्रत्येक वेळी त्यांनी पहिल्याच किणकिणीला रिसीव्हर उचलला होता. पूजेला बसले होते तेवढीच एक लाईन लागली. ‘ती येईल म्हणून,’ त्यांनी खाली लिहिलं. मी काल त्यांना इतकंच सांगायचं विसरलो होतो, की आज ऐकायचं नाही, बोलायचंय.

मी मामांना उठवून कॉम्प्युटरसमोर बसवलं. लाईन लागली आणि टिकली. थोड्या वेळानं चॅटच्या चौकटीत लेकीची ओळ उमटली, ‘आई, आहेस का? अप्पा बसलेत का शेजारी?’

पोत्यांवर गावांची नावं रंगवण्यापुरती इंग्रजी अक्षरं मामांना येत होती. त्याच अक्षरांत, एका बोटानं, त्यांनी मराठी लिहिलं, ‘मी हाय.’

‘आई, चेष्टा नको. अप्पांना कुठं येतं टाईप करायला.’

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्ड त्यांच्याकडे आणखी सरकवला. मग ते बराच वेळ एकेक अक्षर शोधत बसले. ‘गाढवे मीच हाय. ठणठणीत न्हाई. घास नीट उतरत न्हाई. पण हाय. बाळंतपणाला इकडंच ये.’

लाईन गेली की काय म्हणून मी वाकून पाहिलं. मग एकच शब्द आला, ‘अप्पा.’ आणि त्याखाली, ‘येते.’

मामांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. दारात मामी पदराला हात पुसत उभ्या होत्या. या घरातून लेकीशी बोलणं चाललंय आणि आपल्याला त्यातलं काही माहीत नाही, हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

“काय लिहायलेत?”

मामांनी पोत्यांवरच्या चिमण्या उडवाव्यात तसा हात हलवला, मग स्वतःच सरकून शेजारचं स्टूल त्यांच्याकडे ढकललं. मामी बसल्या. ओठ हलवत सगळं वाचलं. ‘ठणठणीत न्हाई’पाशी थांबल्या.

“खरं सांगितलं असतं तर नोकरी टाकून पळत आली असती पोरगी,” त्या मला म्हणाल्या. मग मामांकडे वळून, “तिला लिहा, जड उचलू नको म्हणावं. सकाळी दूध घे. इकडं आली की मी हाय, काही काळजी करू नको. अन् मी खोटं बोलले ते तिच्यासाठीच बोलले, तेबी लिहा.”

मामांनी मान डोलावली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एका बोटानं टाईप केलं, ‘आई बरी हाय.’

“एवढंच?” मामी म्हणाल्या.

मामांनी टेबलावर नखानं एक टकटक केली.