बहिणीचा उजवा डोळा

माझी धाकटी बहीण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊनच जन्मली. मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो, लेकरांना नाही, असं ठणकावून सांगणाऱ्या शहाण्यांची आमच्या मेडशी गावात कमी नव्हती. त्यांच्या नादात चार वर्षं वाया गेली. शेवटी वडील तिला अकोल्याला घेऊन गेले आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं, टाका नाजूक आहे, महिनाभर पोरीला रडू देऊ नका, खोकू देऊ नका. मायनं ते फार मनावर घेतलं. पोरगी मागेल ते तिच्या हातात. माझी बाहुलीसुद्धा गेली, आणि मी ती काही हसत दिली नाही.

चौथ्या दिवशी शेजारच्या बाया पाहायला आल्या. ‘पोरगी काय गोमटी दिसून राह्यली वो!’ एवढंच बोलून गेल्या. मायच्या जिवाला घोर लागला.

‘नजर लागन माह्या लेकीले. जाय, मिरच्या आन.’

मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मीच ओवाळल्या आणि मीच चुलीत टाकल्या. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तर नजर लागलेली, अशी आमच्याकडची परीक्षा. म्हणून माय लेकीला घेऊन चुलीजवळच बसली. धूर उठला आणि बहीण शिंकून, खोकून बेजार झाली.

माय हसली. ‘लागला ना ठसका! मंग नजर नाही, बाप्पा.’ मलाही हायसं वाटलं.

संध्याकाळी पट्टी ओली झाली. रात्रभर पोर कळवळत होती. सकाळच्या मोटारीनं आम्ही सगळे अकोल्याला गेलो. टाका उसवला होता. हा डोळा गेला, डॉक्टर म्हणाले.

‘खोकली होती का? रडली होती?’

‘नाही जी,’ माय म्हणाली. मिरच्या जाळल्या तेव्हा वडील वावरात होते, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी जमिनीकडे पाहत राहिले.

‘मग माझाच टाका कच्चा राहिला,’ असं म्हणून डॉक्टरांनी वडिलांची माफी मागितली. वडील गोंधळून त्यांच्या पाया पडायला वाकले. मी अकरा वर्षांची होते, मला बोलता येत होतं. त्याची लाज अजून जात नाही.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी त्यांनीच केलं. जाड चष्मा लावून बहीण त्या डोळ्यानं आजही सुई ओवते. त्या वेळी त्यांनी एकाऐवजी तीन टाके घातले. ‘या खेपेला माझ्याकडून हयगय होणार नाही,’ ते म्हणाले. तेव्हाही माय आणि मी गप्पच होतो.