सात फुटी लेकीची सहावारी

जुन्नरहून निघालो तो मंगळवार होता, दुपारचे चार. निघालो म्हणजे खुर्ची टेबलाजवळ ओढली. सामान: चष्मा, वही आणि शिवणाची टेप. कारण आमची लेक केतकी. ती जर्मनीत असते, सातवा महिना लागलाय आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायला मनाई केलीय. विमानप्रवास तिला बंद, आणि आमचे कागद अजून तयार नाहीत.

"बाबा, डोहाळजेवणाचं बाकी काही नको," ती फोनवर म्हणाली, "पण आईनं माझी ओटी भरायला पाहिजे. आणि आईचीच हिरवी साडी पाहिजे."

मार्गही तिनंच काढला. पडल्या पडल्या ती ज्या ऑनलाइन जगात हिंडते, तिथं रविवारी जमायचं आणि साडी तिथल्यापुरती मी बनवायची. माझी बायको सुनंदा यावर एवढंच म्हणाली, "तुमी?"

पोचलो समुद्रकिनाऱ्यावर. माझा अवतार (आपल्या वतीनं तिथं फिरणारी आकृती) आधी आला आणि कपडे मागून आले. मधले बावीस सेकंद मी चारचौघांत राखाडी आणि उघडा उभा होतो. "आवो, पडदा तरी वढा," म्हणत सुनंदानं आमच्या खिडकीचा पडदा खरोखरच ओढला.

तिथं एक मोजपट्टी लावली होती. उंची भरली सात फूट एक इंच. घरी ती पाच फूट पाच आहे. आजूबाजूचे सगळे तेवढेच, त्यामुळे मोठेपणाचा आनंद काही टिकला नाही. टपरीवर चहा घेतला. अवतार दर बारा सेकंदांनी कप तोंडाला लावतो आणि कप भरलेलाच राहतो. असला कप आपल्या एसटी स्टँडवर मिळाला असता, तर माणसं गावाला गेलीच नसती. चव मात्र शून्य. सुनंदानं खरा चहा आणून आदळला तेव्हा प्रवास सुसह्य झाला.

पुढे कापडबाजार. सरावासाठी मी स्वतःला एक पांढरा शर्ट बनवून चढवला होता. कोल्ह्याच्या तोंडाचा, निळ्या शेपटीचा एक इसम थांबला. तो कुठल्याशा दूरदेशीचा; त्याचं बोलणं यंत्र मराठीत लिहून दाखवत होतं. "आदरणीय वस्त्रकर्ते, तुमची बटणं पाठीवर आहेत." मी आभार मानले. सात फूट उंची आणि बटणं पाठीवर, तरी आदर शाबूत होता. असे लोक आपल्याकडे कमी.

बुधवारी साडी गच्चीवर पसरली. चार कोपऱ्यांवर विटा ठेवून फोटो काढले आणि टेप लावली. पाच मीटर तीस. सहावारी म्हणजे पाच मीटर पन्नास.

"वीस सेंटिमीटर कमी! दुकानदारानं फसवलं आपल्याला."

"तीस वर्सं झाली," सुनंदा म्हणाली. "दुकान बी बंद पडलं. आता कुटं भांडायला जाताय?"

मग तिला साडी नेसायला लावून निऱ्या मोजल्या. सात. "असं टक लावून काय मोजताय? परकी बाई हाय का मी?" तीस वर्षं रोज बघतोय, पण आकडा मला त्या दिवशी कळला, हे कबूल करतो.

खरी अडचण साच्याची होती. तिथं कपडा शिवत नाहीत. अंग उलगडून केलेल्या सपाट नकाशावर चित्र काढतात आणि ते चित्र अंगाला चिकटतं. माझा काठ पुढून येताना कमरेवर आणि मागून येताना दोन इंच खाली. मी साचा छापून पेठेत मुनीरभाईंकडे नेला. ते चाळीस वर्षं शिवणकाम करतात. त्यांनी कागद फिरवून पाहिला.

"भाऊ, ह्यो तर कटिंगचा कागद हाय. माणूस पार उसवून टाकलाय." मग बोट ठेवून म्हणाले, "काठ बाजूच्या शिलाईपासून मोजत या. मधून कशाला मोजताय? मधी पोट असतंय."

काठ जुळला. सातही निऱ्या बसल्या. शनिवारी केतकीनं साडी चढवली आणि गोल गिरकी घेतली. पलंगावरच्या पोरीला तेवढी एकच गिरकी घेता येत होती. पोटही तिनं माप वाढवून नेमकं आणलं होतं.

"आता रंगीत तालीम," म्हणत सुनंदानं मला खुर्चीवरून उठवलं. ओटी बाप भरत नाही. तिचा अवतार पंचविशीचा होता, तेवढा आकडा मी वहीत घेतला नाही. तिनं नारळ पुढे केला. "पसर पदर."

केतकीनं हात पुढे केले. पदर छातीवरच. मी तो अंगावर रंगवला होता, जाग्यावरून हलणार कसा? नारळ हातांतून गेला, निऱ्यांतून गेला आणि जमिनीत नाहीसा झाला. मी पाच दिवस सगळं मोजलं, पण साडीचं एक टोक मोकळं असतं हे वहीत कुठेच नव्हतं.

"राहू दे बाबा," केतकी म्हणाली. "भरली असं समजू." तिचा आवाज मी ओळखतो.

मी तडक कापडबाजारात गेलो. कोल्हा तिथंच होता. त्याला ओटी समजावायला अकरा वाक्यं लागली. त्यानं विचारलं, "म्हणजे कापडात फळ घेऊन आई मुलीला सांगते की सर्व नीट होईल?" मी म्हणालो, "जवळजवळ." त्यानं दाखवलं: पदर वेगळा तुकडा करायचा, एक टोक खांद्याला आणि दुसरं दोन्ही मनगटांना जोडायचं. नारळालाही पदर ओळखायला शिकवावं लागतं.

रविवारी चार वाजता पदर पसरला. नारळ पडला, एकदा हलला आणि थांबला. मग खण, हळकुंड, सुपारी, तांदूळ. सुनंदा माउस धरून पुटपुटत होती, "नीट व्हईल गं, समदं नीट व्हईल." केतकी हसत होती की रडत होती, सात फुटी चेहऱ्यावरून कळत नव्हतं. फोनवरून कळत होतं. कोल्हा कोपऱ्यात हात जोडून उभा होता.

साडेपाचला परत आलो. सहा दिवसांच्या प्रवासात मी टेबलापासून फार तर पेठेपर्यंत गेलो. साडीची घडी घालावी म्हणून आत गेलो, तर सुनंदा ती मांडीवर घेऊन बसलेली, हातात कात्री.

"अगं, आधीच वीस सेंटिमीटर कमी आहे!"

"दुकानदारानं न्हाई, म्या कापलं व्हतं. केतकीच्या टोपड्याला. आता तिच्या बाळाच्या. आतल्या टोकाचं कापड, कमरंला खोचल्यावर कुणाला दिसतंय?"

तीस वर्षांपूर्वीच्या त्या दुकानदाराची मी मनातल्या मनात माफी मागितली. मग खाली बसलो, टेप लावली आणि वीस सेंटिमीटरवर खडूची रेघ मारून दिली. वहीत दुरुस्ती केली: पाच मीटर दहा.