खानेसुमारीचं अर्धं पान

ती केस मी आजही विसरलेले नाही, कारण तिच्यात मी चुकीच्या बाईला अटक करायला निघाले होते.

मी तेव्हा पोलीस ठाण्यात हवालदार होते. चिकलठाण्याकडच्या एका शेतकऱ्यानं अर्ज दिला. एक म्हातारी त्याची आत्या असल्याचं सांगून आजोबांच्या जमिनीला वारस लागू पाहते, तिची वंशावळ बनावट आहे. पुरावा म्हणून त्यानं निजामाच्या काळातल्या खानेसुमारीचा, म्हणजे जनगणनेच्या वहीचा, मराठी उतारा जोडला होता. म्हातारीच्या वयाप्रमाणं तिचं नाव त्यात असायलाच हवं होतं. नव्हतं. माणूस बोलायला गोड होता.

म्हातारीला बोलावलं.

"कुणाची लेक?"

"त्याच घरची."

"मग वहीत नाव का नाय?"

"वही मी लिहिली व्हय?"

उद्धट माणूस खोटारडा, असा माझा समज होता. अटकेचा कागद तयार केला.

पण उतारा कुणीतरी निवडून काढलेला असतो. मूळ पान बघितल्याशिवाय मी कागद पुढं पाठवत नसे. अभिलेख कक्षात गेले. वही उर्दूत, म्हणून एका निवृत्त उर्दू मास्तरांना सोबत नेलं.

"घरात बायका किती?"

"एकच. घरवाले की माँ." म्हणजे अर्जदाराच्या आजोबांची आई.

"आणि बायको?"

"बीवी नहीं है, बाई."

म्हणजे अर्जदाराची सख्खी आजीही त्या घरात नव्हती, आणि उताऱ्यात नेमका मोठ्या बायकांचा भाग गाळला होता! नवी सून घरात नाही, तर ती बाळंतपणाला माहेरी. मला दोन लेकरं झाली, दोन्ही माहेरी. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

अर्जदाराच्या घरी गेले. "आजीचं माहेर कोणतं?"

अर्ज देताना पाच पिढ्या घडाघडा सांगणारा माणूस म्हणाला, "ठाऊक नाय, मॅडम."

चहा ठेवता ठेवता त्याची बायको बोलली, "असं काय करता? सिल्लोडजवळचं की! लग्नाची पत्रिका तिथं पहिली जाती."

त्यानं तिच्याकडं असं बघितलं, की मला दुसरा जबाब नको होता.

त्या गावची वही काढली. मास्तरांनी ओळीवर बोट ठेवलं. "बेटी. और नवासी, बीस दिन की." लेकीची लेक. बापाचं नाव अर्जदाराच्या आजोबांचं.

खोट्या अर्जाचा गुन्हा अर्जदारावरच नोंदला. मी म्हातारीला विचारलं, "आजोळी जन्मलात, हे आधी का नाय सांगितलं?"

"तुम्ही इचारलं, कुणाची लेक. कुठं जन्मले, हे कुणी इचारलं?"

तिचं बरोबर होतं. त्यानंतर फटकळ बोलणाऱ्याला मी कधी खोटं धरलं नाही. गोड बोलून अर्धं पान देणाऱ्याला मात्र आधी बसवून घेतलं.