कोट आणि कुर्ता

कोर्टासमोरच्या त्या म्हाताऱ्या शिंप्याचं नाव मी कधी विचारलं नाही. वकिलांचे काळे कोट आणि पुढाऱ्यांचे पांढरे कुर्ते, दोन्ही तोच शिवायचा. समोरच्या माणसाच्या तोंडाआधी तो खांदे पाहायचा.

सरकारी वकील मॅडमनी एका माजी मंत्र्यावर खटला चालवला, तेव्हा मी, स्वतः वकील, शिंप्याला म्हणालो होतो, "मॅडमचं हे सगळं तिकिटासाठी चाललंय."

तो सुई ओवत म्हणाला, "ज्याले तिकीट पायजे ना साहेब, तो निकालाच्या पयलेच कुर्त्याचं माप देऊन जाते. मॅडमनं नाई देल्लं."

मंत्र्याला शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाचे लोक तिकीट घेऊन मॅडमना कोर्टभर शोधत होते. मॅडम शिंप्याच्या दुकानात होत्या, मीही तिथेच होतो. जुना कोट पुढे करून म्हणाल्या, "अस्तर फाटलंय, सोमवारी दुसरी केस आहे."

त्या गेल्यावर शिंप्याने तो कोट झेंड्यासारखा उंच धरला. मग खुंटीवरचा नवा पांढरा कुर्ता काढून माझ्या हातात दिला. माप मीच दिलं होतं, गेल्या महिन्यात.

इतक्या आनंदाने मी दुसरी कुठलीच केस हरलेलो नाही.