ब्याण्णवाव्या मिनिटाची गोलकीपर

"फक्त बाकावर बसवतो म्हटलं ना, रोशनी! खेळवत नाई तिले."

"बाकावर बसवायले नागपूरले कायले नेता, दादा? बाक आमच्या इथंही आहे. एक पाय मोडला आहे त्याचा, पण बसता येते."

"मस्करी नको करू."

"मी मस्करी करून राह्यली? शनिवारी तुमची मॅच, रविवारी आमची फायनल, अन् गुरुवारी तुमी माही गोलकीपर मांगायले आले. मस्करी कोण करून राह्यलं?"

नाचणगावच्या मैदानाच्या कडेला पत्र्याची एक खोली आहे. जाळीत भरलेले बॉल, चुन्याचं अर्धं पोतं, एक टेबल आणि भिंतीवर मुलींच्या ओळखपत्रांचा फळा, एवढा तिचा संसार. नागपूरच्या वैनगंगा फुटबॉल क्लबच्या मुलींचा 'ब' संघ या खोलीतून चालतो आणि तो चालवते रोशनी ताकसांडे. वय तेहतीस. सकाळी देवळीच्या एका शाळेत पीटीच्या बाई, चार वाजता स्कूटीवरून नाचणगावात, आणि मग अंधार पडेपर्यंत प्रशिक्षक, चुना मारणारी, पट्ट्या बांधणारी, घरोघरी जाऊन "पोट्टीले पाठवा वो" म्हणणारी.

समोर उभा होता तो धनंजय झाडे. क्लबचा मॅनेजर. मूळचा मोठी आंजी गावचा. पंधरा वर्षांपूर्वी यानंच या मैदानातले काटे उपटून दोन बांबू रोवले आणि रोशनीसकट नऊ मुली गोळा केल्या. पुढे तो नागपूरला गेला, मुख्य संघाचा झाला. त्याची एक खूण होती. स्वतःचं बोलायचा तेव्हा वऱ्हाडी बोलायचा, क्लबचं बोलायचा तेव्हा एकदम पुस्तकी मराठी.

टेबलावर त्यानं आणलेला कागद पडला होता. 'ब' संघातली खेळाडू वरच्या संघाला द्यायची तर त्यावर प्रशिक्षकाची सही लागते. मुली त्याला सोडचिठ्ठी म्हणतात. नावाची जागा अजून कोरी होती. तिथं यायचं होतं ते नाव म्हणजे काजल. एकोणीस वर्षांची, या मोसमात दहा मॅचमध्ये तीन गोल खाल्लेली गोलकीपर. आत्ता बाहेर ती सरावात उड्या मारत होती. बॉल हातावर आदळल्याचा आवाज खोलीत ऐकू येत होता.

"आमच्या दुसऱ्या कीपरचं बोट मोडलं," धनंजय म्हणाला. "पहिली ठणठणीत आहे, तेच खेळन. पण नियमानं बाकावर एक गोलकीपर लागतेच. शनिवारी हरलो तं वरचा संघ खाली येते, हे तुले समजते ना? अन् आमी खाली आलो का तुमी अजून खाली. एका क्लबचे दोन संघ एका गटात ठेवत नाई. मग तुमची फायनल जिंकूनही काय कामाची?"

हे मात्र खरं होतं. 

तेवढ्यात कोपऱ्यातली इस्त्री थांबली. इस्त्रीमागं मंदाबाई होती, काजलची आई. संघाचे कपडे धुणं, प्रेस करणं तिच्याकडे होतं. 'ब' संघाला नवीन जर्सी कधी येत नाही. वरच्या संघाची जुनी येते, पाठीवर त्या मुलींची नावं चिकटलेली. दर जूनमध्ये मंदाबाई इस्त्रीनं अक्षरं गरम करते आणि नखानं सोलून काढते. नाव निघतं, पण त्याच्याखालचं कापड उन्हात विटलेलं नसतं. त्यामुळं निळ्या जर्सीवर जास्त निळं नाव उरतंच. काजलच्या पाठीवर चार वर्षं कुणा दुसरीचंच आडनाव खेळत होतं.

"मॅडम, बोलू का एक?" मंदाबाई म्हणाली. "राग नका मानजा."

"बोला ना."

"माही पोट्टी वर जाऊन राह्यली. मोठं मैदान, लाईट, नवी जर्सी. तिच्या नावाची जर्सी! अन् तुमी आडव्या पडून राह्यल्या. तुमाले काऊन खुपते?"

धनंजयला बोलायची गरजच उरली नाही. त्यानं स्टूल ओढलं आणि बसला.

रोशनी हसली. तिला राग आला की ती आधी हसते, हे संघातल्या सगळ्या मुलींना माहीत आहे आणि त्या लगेच पळायला लागतात. मंदाबाई पळाली नाही.

"मंदाबाई, मी वर गेलती. माहीत आहे तुमाले?"

"तुमी? मोठ्या संघात?"

"या दादाले विचारा. यायनंच नेलतं."

रोशनीचे वडील गुलाबराव कवेलू, म्हणजे छपरावरची कौलं, फेरायचे. उन्हाळ्यात घराघरांवर चढून फुटके कवेलू काढायचे, नवे बसवायचे. खालून कोणीतरी कवेलू भिरकावायचं आणि छपरावर बसलेल्यानं ते झेलायचं. झेलणारा माणूस एक उन्हाळा आलाच नाही, तेव्हा दहा वर्षांची रोशनी वर चढली. दोन-दोन कवेलू एकदम यायचे. पाय वाशांवर, पाठीवर ऊन, नजर खाली. सुटलं की फुटलं आणि फुटलं की घरमालकाच्या शिव्या. पहिल्या दिवशी चार फुटले. आठव्या दिवसापासून एकही नाही. पुढे धनंजयनं तिला बांबूंच्या मध्ये उभी केली आणि बॉल मारला, तेव्हा तिनं तो झेलून विचारलं होतं, "एवढंच? हा तं फुटतही नाई."

आजही ती मुलींना तेच सांगते. "बॉल नको समजू. कवेलू समज."

बावीस वर्षांची असताना ती 'ब' संघाची गोलकीपर होती आणि संघ फायनलला पोचला होता. फायनलच्या आदल्या दिवशी वरच्या संघाची मॅच. धनंजय तेव्हा तिथं साहाय्यक होता. तो याच खोलीत आला आणि म्हणाला, फक्त बाकावर बसायचं आहे.

"बसली मी," रोशनी सांगत होती. "अंगात दुसरीच्या नावाची जर्सी. आपला संघ एक-शून्यानं पुढं. नव्वद मिनिटं झाली, वरची चारेक मिनिटं रेफरीनं दिली. तं वेळ काढायसाठी आपली कीपर पाय धरून खाली बसली अन् कोच मले म्हणते, जा, उतर. ब्याण्णवावं मिनिट. मी गेली, दोन खांबांत उभी राह्यली. बॉल तिकडंच. एकदा तरी हाताले लागन म्हणून मी वाट पाहून राह्यली, अन् शिट्टी वाजली."

"मंग? जिंकले ना?"

"ते जिंकले. अन् दुसऱ्या दिवशी मी आमच्या फायनलले हातमोजे घालून उभी, तं रेफरीनं माहं कार्ड बाजूले काढलं. वरच्या संघाकडून एक पाय जरी मैदानात टाकला ना, मंदाबाई, तं त्या मोसमात खाली खेळता येत नाई. मले कोणी सांगतलंच नोतं. आमी एका विंगरले गोलमध्ये उभी केली. चार गोल झाले. मी दोरीच्या बाहेर उभी राहून मोजले."

"अन् वरच्या संघात?"

"पुढच्या जूनमध्ये काढून टाकली. त्यायले गोलकीपर नोती पाहिजे. एक मिनिट पाहिजे होतं."

मंदाबाईनं धनंजयकडे पाहिलं. धनंजय चुन्याच्या पोत्याकडे बघत होता.

"ते जुनं झालं," तो म्हणाला. "मलेही तेव्हा नियम माहीत नोता. आईची शप्पथ."

"मानलं," रोशनी म्हणाली. "तुमाले नोता माहीत. म्हणून तं आजवर तुमाले दादा म्हणतो. पण आता माहीत आहे ना?"

"म्हणून तं सांगून राह्यलो, खेळवत नाई! शनिवारी रातच्या बसनं परत पाठवतो तिले. रविवारी तुही फायनल खेळन ते. अजून काय पाहिजे तुले?"

"मागच्या रविवारी देवळीले मॅच होती," रोशनी म्हणाली. "टोप्या घातलेले दोन माणसं बांधावर बसले होते. पुण्याच्या क्लबचे. काजलच्या मागंच वही घेऊन बसले. मंदाबाईले तिची जन्मतारीख विचारली. हो ना?"

"हो," मंदाबाई म्हणाली. "चांगले होते बिचारे. त्यायनं शेंगदाणे देल्ले मले."

"तुमीही पाह्यलं त्यायले, दादा. 'ब' संघातली पोट्टी जूनमध्ये मोकळी असते, कुठंही जाऊ शकते. वरच्या संघाकडून एक मिनिट खेळली का दोन वर्षं क्लबची. मग खेळवा नाई तं बाकावरच ठेवा."

"म्हणजे मी तिले बांधायले आलो?"

"मी कुठं म्हटलं?"

"तेच म्हणून राह्यली तू!" धनंजय उठला. "या मैदानातले काटे मी उपटले, रोशनी. या हातानं! मी या पोट्ट्यांचं वाईट करीन?"

"नाई करणार. म्हणून तं तुमाले सोपं करून देतो."

ती फळ्याकडे गेली. फळ्यावर तेवीस ओळखपत्रं होती. पहिलं रोशनीचं स्वतःचं. दर जूनमध्ये मुलींचे फॉर्म भरायला बसली की पहिला फॉर्म ती आपल्या नावाचा भरायची, नवा फोटो लावून. शिक्का मारताना धनंजय दर वर्षी विचारायचा, "तुहं कायले व आता?" आणि ती म्हणायची, "एखादी पोट्टी आजारी पडली तं." दहा वर्षांत कोणी आजारी पडलं नव्हतं. फोटो मात्र वर्षावर्षाला बदलत गेला. आता कानाजवळ दोन पांढरे केस दिसतात.

तिनं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मग धनंजयच्या खिशातला पेन काढून घेतला आणि सोडचिठ्ठीवर कोऱ्या जागेत नाव लिहिलं. रोशनी गुलाबराव ताकसांडे, गोलकीपर. खाली सही केली.

"हे घ्या. तुमाले बाकावर गोलकीपर पाहिजे. मी गोलकीपर. कार्ड चालू आहे, शिक्का तुमचाच आहे. शनिवारी सकाळच्या बसनं येतो."

धनंजयनं कागद वाचला. पुन्हा वाचला.

"पागल झाली का? तेहतीस वर्षांची आहे तू!"

"बाकाले वय कुठं असते, दादा?"

"दहा वर्षं झाली, तू डाईव्ह मारली नाई!"

"डाईव्ह कायले पाहिजे? खेळवत नाई म्हटलं ना तुमी?"

मंदाबाईच्या तोंडून हसू सुटलं. तिनं पदर लावला, पण उशीर झाला होता.

"अन् पहिली कीपर पडली मैदानात तं?" धनंजय म्हणाला. "मग कोण उभं राहीन? तू?"

"ठणठणीत आहे म्हटलं तुमी. अन् पडलीच तं उभी राहीन की. माहे दोन मिनिटं होतीन." रोशनी खुर्चीवर बसली. "एक सांगा. काल तुमचा फोन आल्यावर मी काजलले विचारलं, जातं का? तं म्हणते, मॅडम, पुणं-नागपूर जूनमध्ये पाहू. रविवारी गोलमध्ये मीच आहे ना? तिनं एवढंच विचारलं. तिले पुढं जायचं तं जाईन. पुण्याले जाईन नाई तं तुमच्याकडं येईन. मी अडवत नाई, अन् तुमीही अडवू नका. आपल्या पायानं जाऊ द्या."

बाहेर बॉल खांबावर आदळला आणि मुलींचा गलका झाला. काजल ओरडली, "बाहेर होता! बाहेरच होता तो!"

धनंजयनं रुमालानं मान पुसली. मग ताठ उभा राहिला आणि त्याची भाषा बदलली.

"हे बघ, रोशनी. व्यवस्थापनाने सर्व बाजूंनी विचार केलेला आहे. काजलच्या उज्ज्वल भवितव्याच्या दृष्टीने तिला मुख्य संघाच्या वातावरणाची ओळख होणं अत्यंत..."

मंदाबाईनं इस्त्रीचं बटण बंद केलं. इस्त्री उभी ठेवली. टेबलाला वळसा घालून ती धनंजयच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. हातात काजलची फायनलची जर्सी होती, अजून गरम.

"साहेब, मले ते मोठमोठं समजत नाई," ती म्हणाली. "मी मघा तुमच्याकडून बोलली. मॅडमले टोचून बोलली. आता मले एकच सांगा. बाकावर बसायले गोलकीपर पाहिजे, तं मॅडम तयार आहे. मंग मॅडम चालते का नाई?"

धनंजयनं रोशनीकडे पाहिलं. रोशनी जागची हलली नाही. तिनं त्याचा पेन टोपण लावून पुढं सरकवला.

"का माह्याच पोट्टीले मैदानात उतरवायचं आहे, एका मिनिटासाठी?" मंदाबाई म्हणाली. "हो म्हणा नाई तं नाई म्हणा. मी आई हाय तिची."

 धनंजयनं पेन खिशाला लावला. रोशनीच्या नावाचा कागद टेबलावर तसाच राहू दिला. बॅग खांद्यावर टाकली, पत्र्याच्या दारात सवयीनं मान वाकवली आणि गोलमागून, काजलकडे न बघता, गाडीकडे चालू लागला.